पिवळी गोळी

तोफआबांना शिंक एकटी अशी कधी आलीच नाही. पहिली आली की तिच्या मागून सगळं खानदान यायचं, आणि आता संपल्या असं समजून आबांनी रुमाल खिशात घातला की दाराबाहेर थांबलेली एखादी धाकटी हमखास आत शिरायची. त्यांचं खरं नाव आठवायला घरच्यांनाही जरा वेळ लागे. शिंकेच्या आवाजावरून पडलेलं तोफआबा हेच नाव सगळ्यांनी चालू ठेवलं होतं. वर्षातले बाकीचे महिने ही तोफ थंड असे. गव्हाची कापणी सुरू झाली, वाऱ्यावर कुसं आणि भुसा उडायला लागला, की आबांचं नाक जागं व्हायचं आणि मळणी उरकेपर्यंत घरादाराच्या नाकी नऊ आणायचं.

आता शिंकणारी माणसं काही जगात कमी नाहीत. शिंकावं, नाक पुसावं, कामाला लागावं. पण आबांचं तसं नव्हतं, कारण मळणीत आबा मशीनच्या तोंडावर उभे राहायचे. जिथून पेंढी आत जाते ते मशीनचं तोंड. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय, पेंढी सोडायची आणि ओंब्यांकडून आत सारायची. पण भसकन सारली तर मशीनला ठसका लागतो, पट्टा सटकतो आणि सगळं खळं हात चोळत बसतं. कमी सारली तर मशीन उपाशी फिरतं आणि दाणे फोडतं. घास कसा बेताचा लागतो, आणि तो बेत हातालाच कळावा लागतो. आबांच्या हाताला तो कळायचा. भाड्याचं मशीन घेऊन शिवारं हिंडणारा मशीनवाला हा त्यांचा जुना दोस्त. तो म्हणायचा की आबा तोंडावर असले म्हणजे मी ट्रॅक्टरखाली खुशाल डुलकी काढतो. आबांना आयुष्यात मिळालेलं प्रशस्तिपत्रक हे एवढंच, आणि ते त्यांना पुरलंही होतं.

गेल्या मळणीत मात्र घात झाला. ऐन रंगात शिंक आली, डोळे मिटले, मान पुढे गेली आणि डोक्यावरची टोपी पेंढीबरोबर आत गेली. ती बाहेर आली भुशातून, धाग्याधाग्याने. खळ्यावरचे सगळे पोट धरून हसले, आबाही हसले. मुलगा तेवढा हसला नाही. तो मितभाषी होता आणि असल्या माणसाचं न हसणं घरात फार दिवस टिकतं. यंदा कापणी सुरू झाली तशी त्याने जेवताना सांगून टाकलं की टोपीनंतर हाताचीच पाळी, तेव्हा या वर्षी तोंडावर तो स्वतः उभा राहणार.

"आणि मी काय करायचं?" आबांनी विचारलं.

"पोती शिवा की," मुलगा म्हणाला.

पोती शिवणं हे काम खळ्यावर ज्याला दुसरं काही जमत नाही त्याला देतात. आबांनी ताट सरकवलं आणि अंगणात जाऊन बसले. बायकोने दोनदा बोलावलं, ते उठले नाहीत. शेवटी सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. ती शांतपणे म्हणाली की शिंका हाच अडथळा असेल तर शिंकांवर गोळ्या मिळतात. नाक थांबलं की भांडणही थांबेल. मुलाला विचारलं तर तोही कबूल झाला. शिंका बंद, तर तोंड आबांचं. आबांनी तिथल्या तिथे राहिलेली भाकर मागून घेतली.

बाजारच्या गावात दवाखाना होता. मुलगा कापणीत अडकलेला, म्हणून सूनबाई आबांना घेऊन गेली. आबांनी धुतलेला सदरा घातला होता. आत जुने डॉक्टर असतील, चार गप्पा होतील, अशा हिशोबाने ते गेले आणि खुर्चीत बघतात तर सूनबाईच्या वयाची डॉक्टरीणबाई. आबांना स्टुलावर बसवलं, शेजारच्या स्टुलावर सूनबाई बसली, आणि बाईंनी विचारायला सुरुवात केली. दम लागतो का, डोळ्यांत दाब वाढल्याचं कुणी सांगितलंय का, आणखी कुठलं औषध चालू आहे का. आबांनी खरी खरी उत्तरं दिली. इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं.

"दारू?" बाईंनी विचारलं.

सूनबाईची मान वळली. नात जन्मली तेव्हा आबांनी सगळ्यांदेखत दारू सोडली होती, आणि सोडली ती खरोखरच, पण फक्त घरात. मशीनवाला मुक्कामाला आला की ट्रॅक्टरच्या मागे दोन घोट व्हायचे. ते दारूत धरायचे नाहीत असं दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं.

"केव्हाच सोडली," आबांनी भिंतीवरच्या घड्याळाला सांगितलं.

"लघवीला काही त्रास? वेळ लागतो, थांबून थांबून होते, असं?"

आता काय सांगायचं! सकाळी आबा बांधाच्या कडेला उभे राहिले की शेजारी यायचा, उरकायचा, विडी पेटवायचा, ती संपवून परत जायचा, तरी आबा आपले तिथेच, आभाळाकडे बघत. वर्ष-दोन वर्षं हे असंच चाललं होतं. बायकोलाही त्यांनी यातलं काही कळू दिलं नव्हतं. आणि इथे समोर पोरसवदा बाई, बाजूला सून. ज्या सुनेपुढे ते कधी सदऱ्याशिवाय बसले नव्हते, ती पाण्याचा तांब्या द्यायला आली तरी जे पाय आखडून घ्यायचे, ते आबा तिच्या कानांदेखत असलं काही बोलणार? त्यापेक्षा त्यांनी मशीनमध्ये उडी घेतली असती.

"छे छे. नळ सोडल्यासारखी होते," ते म्हणाले आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाले.

बाईंनी पिवळ्या गोळ्या दिल्या. रात्री झोपताना एकच, जास्त नाही. झोप येईल. दारूबरोबर मुळीच चालणार नाही. सकाळी डोकं जड वाटलं तर मशीनच्या जवळपास फिरकायचं नाही. सूनबाईने सगळं नीट ऐकून घेतलं, परत विचारून खात्री केली. आबांच्या कानात फक्त शिंका थांबतील एवढंच शिरलं.

आणि शिंका थांबल्या बरं का. दुसऱ्या दिवशी आबा कापणीत उभे राहिले, भुसा उडाला, शेजारच्या रानातला गडी शिंकला, पण आबांचं नाक ढिम्म हललं नाही. त्यांनी मुद्दाम पेंढी नाकाजवळ नेऊन हुंगली. काही नाही. मुलाकडे बघून त्यांनी ती पेंढी अशी काही गाडीत टाकली, की मशीनचं तोंड त्यांच्या नावावर झालं.

बाकीची लक्षणं त्यांनी मोजली नाहीत. तोंडाला कोरड पडायची, भाकरीचा घास गालात तसाच फिरत राहायचा. पेंढ्या बांधता बांधता डोळे मिटायचे. एके दुपारी पेंढ्यांच्या ढिगाला टेकून ते असे झोपले की गाडी भरणाऱ्या गड्याने त्यांच्या अंगावर पेंढ्या रचल्या. एक पेंढी घोरतेय म्हणून तो गाडीवरून उतरून पळाला आणि तेव्हा आबा सापडले. सूनबाई रोज सकाळी विचारायची, आबा, डोकं जड आहे का. आबा म्हणायचे, पिसासारखं हलकं आहे. बोलताना जीभ टाळूला चिकटायची ती गोष्ट वेगळी.

बांधाच्या कडेला मात्र वेळ वाढत चालला होता. शेजारी हल्ली विडी संपवून परत जायचा, न्याहारी करून पुन्हा यायचा. आबांनी हा दोष उन्हाला दिला.

त्यात धुळीने त्यांना कोरडा खोकला धरला. म्हातारीची, म्हणजे त्यांच्या बायकोची, औषधावर फार श्रद्धा. तिच्यासाठी कधीतरी दुकानातून आणलेलं खोकल्याचं लाल औषध घरात होतंच. आबा औषध म्हटलं की तोंड वाकडं करणार हे ती जाणून होती, म्हणून संध्याकाळच्या चहात ती गुपचूप दोन चमचे ओतायला लागली. चहा गोड का लागतो असं आबांनी एकदा विचारलं, तर आता या वयात मी गोडच करणार, असं ती म्हणाली. आबा खूश झाले.

मशीन आलं ते बेताच्या वेळेला. मशीनवाल्याने येताच सांगितलं की उद्याचा दिवस तुमचा, परवा सकाळी मशीन नदीपलीकडे जाणार, आणि तिकडची रानं मोठी असल्यामुळे पुन्हा इकडे फिरकायला बरेच दिवस लागतील. एका दिवसात सगळा गहू निघायला हवा. संध्याकाळी दोघं दोस्त ट्रॅक्टरच्या मागे गेले आणि दोन घोट झाले. मुलाने पोती शिवायला सांगितल्याची हकिगत आबांनी सांगितली. मशीनवाला इतका हळहळला की आणखी दोन झाले.

मळणीच्या सकाळी आबा उठले तेव्हा घर त्यांच्याभोवती सावकाश फिरत होतं. पण आज भुसा कापणीच्या दसपट उडणार, आणि शिंक आली तर सगळ्या खळ्यादेखत येणार, ही एकच भीती त्यांच्या मनात घर करून बसली होती. त्यांनी डबी उघडली, एक गोळी घेतली, विचार केला आणि आणखी एक घेतली.

"डोकं जड आहे का, आबा?" सूनबाईने विचारलंच.

"अगं, डोकं आहे का नाही तेच कळत नाहीये, एवढं हलकं," आबा म्हणाले. यात खोटं असं फारसं नव्हतं.

मशीन सुरू झालं. पट्टा फिरला, खळ्यावर धुळीचा ढग उठला, आणि आबा तोंडावर उभे राहिले. गडी गंजीवरून पेंढ्या खाली टाकत होते, सूनबाई त्या उचलून आबांच्या हाताशी आणून ठेवत होती, मुलगा भुशाच्या बाजूला, म्हातारी पोत्यांजवळ. पहिला तासभर आबांनी दृष्ट लागावी असं काम केलं. एक शिंक नाही. बायका तोंडाला पदर लावून खोकत होत्या, मशीनवाला शिंकून शिंकून बेजार झाला आणि आबा देवळातल्या मूर्तीसारखे कोरडे. मुलानेही एकदा मान हलवली. आबांच्या छातीत काय भरून आलं म्हणून सांगावं! एवढ्या एका मान हलवण्यासाठी ते आठवडाभर कोरड्या तोंडाने फिरत होते.

मग ऊन वर आलं. मशीनच्या घरघरीत एक लय असते, ती आबांना आता अंगाईसारखी लागायला लागली. समोर तोंडं दोन दिसायची. आबा त्यातल्या जवळच्या तोंडात पेंढी सारायचे आणि ती बाजूच्या पत्र्यावर आपटून खाली पडायची. घास चुकायला लागले. मशीन उपाशी फिरलं, मुलगा ओरडला, आबांनी दचकून दोन पेंढ्या एकदम कोंबल्या. मशीन खोकलं. मग पुन्हा ती घरघर, पुन्हा ते ऊन. आबांनी पेंढी उचलली, पुढे केली, आणि पेंढीबरोबर त्यांचा हात आणि हाताबरोबर आबा असे सगळे सावकाश आत निघाले.

सूनबाईने हातातल्या पेंढ्या टाकल्या आणि मागून सदऱ्याच्या कॉलरला धरून जोरात हिसका दिला. कॉलर फाटली, दोघं उलटे भुशात पडले. आबांच्या हातातली पेंढी आडवी आत गेली, मशीनला ठसका लागला, पट्टा सटकला आणि खळ्यावर एकदम शांतता पसरली.

सगळे बघत होते. आबा भुशात बसले होते, फाटकी कॉलर खांद्यावर लोंबत होती, सूनबाईचा हात अजून त्यांच्या पाठीवर होता. मुलगा आला. आबांना वाटलं, आता बोलेल, चांगलं फाडून बोलू दे. पण त्याने बापाचे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून दहाही बोटं आहेत ना ते बघितलं, आणि मशीनच्या तोंडावर जाऊन उभा राहिला. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

आबांना झाडाखाली खाटेवर नेऊन टाकलं. पडल्या पडल्या ते झोपले. अर्धवट जागे झाले तेव्हा मशीनचा ठसका ऐकू येत होता. मुलगा घाईने घास कोंबत होता. आबांना तिथूनच कळत होतं, ही मोठी झाली, ही आडवी गेली. उठून सांगावं असं वाटलं आणि उठल्यावर कळलं की झोप मोडली ती मशीनने नाही, पोटाने. ओटीपोट दगडासारखं घट्ट झालं होतं.

ते गंजीच्या मागे गेले. उभे राहिले. आभाळाकडे बघितलं, पाखरं बघितली, शीळ घातली. काही नाही. परत खाटेवर आले. लगेच उठून पुन्हा गेले. शेजारी त्याच्या रानातून हात करून गेला, विडी ओढून पुन्हा आला, आबा तिथेच. आता कळ अशी यायला लागली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. थेंबभरसुद्धा नाही. म्हातारीला सांगावं तर ती गळा काढणार. मुलाला सांगावं तर मशीन थांबणार आणि निम्मा गहू गंजीत राहणार, आणि तो उद्या नदीपलीकडे जाणाऱ्या मशीनच्या नावाने बोटं मोडणार. सकाळी एकदा मशीन आपल्यापायी थांबलं, आता मुतापायी थांबवायचं? आबा दात आवळून खाटेवर बसले, उठले, गंजीमागे गेले.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला गंजीमागून परत वळतात तर समोर सूनबाई.

"आबा, काय होतंय?"

"काही नाही. वाऱ्याला उभा होतो."

"घाम फुटलाय तुम्हाला. पोट धरलंय."

आबांनी पोटावरचा हात काढला आणि लगेच परत ठेवला. मशीनची घरघर चालू होती, म्हातारी लांब होती, आजूबाजूला नुसता गहू. पळून जायला गंजीखेरीज आडोसा नव्हता. आबांनी जमिनीकडे बघितलं, मग तिच्या पायांकडे, आणि या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोरी, लघवी होत नाही गं. सकाळपासून. आता जीव जातोय."

त्यांना वाटलं होतं ती लाजेल, तोंड फिरवेल. ती मशीनवाल्याच्या मोटरसायकलकडे धावत गेली. मशीनवाल्याला किल्ली मागितली, नवऱ्याला ओरडून सांगितलं की आबांना दवाखान्यात नेतेय, तुम्ही चालू ठेवा, आणि गाडी गंजीमागे आणून उभी केली.

"बसा. माझ्या कमरेला धरा."

आबांनी खांद्याला धरलं. पहिला खड्डा आला आणि आबांनी कमरेला धरलं. बाजारच्या गावाचा रस्ता त्यांनी जन्मभर तुडवला होता, पण त्यात इतके खड्डे आहेत हे त्यांना आत्ता समजत होतं. प्रत्येक खड्ड्याला ते एका एका माणसाचं नाव घेऊन विव्हळत होते, आधी रस्ता करणाऱ्याचं, मग मोटरसायकल बनवणाऱ्याचं, शेवटी स्वतःच्याच आईबापाचं.

डॉक्टरीणबाईंनी ओटीपोटाला हात लावला आणि लगेच त्यांना आतल्या खोलीत घेतलं. नळी घातली. कशी घातली, आबांना काय काय वाटलं, ते सोडून देऊ. पण नळीतून धार लागली आणि पिशवी भरायला लागली, तेव्हा आबांनी डोळे मिटले आणि जगातल्या यच्चयावत माणसांना माफ करून टाकलं. शेजाऱ्याला, मुलाला, रस्ता करणाऱ्यालासुद्धा. भरल्या खळ्यावर गव्हाची रास बघूनही त्यांना कधी एवढं सुख झालं नव्हतं.

बाईंनी पुढ्यात खुर्ची ओढली. चेहरा तापलेला होता.

"आता मी तेच प्रश्न परत विचारणार आहे," त्या म्हणाल्या.

सूनबाई शहाणी. ती उठून बाहेर निघाली.

"थांब," आबा म्हणाले. "तू बस इथे. तू बाहेर गेलीस तर मी परत खोटं बोलेन."

ती बसली. आणि आबा बोलायला लागले ते थांबेनात. बांधावरचं उभं राहणं सांगितलं, शेजाऱ्याची विडी सांगितली, ट्रॅक्टरमागचे घोट सांगितले. सकाळच्या दोन जादा गोळ्या सांगितल्या, मशीनची दोन तोंडं सांगितली. जे विचारलं नव्हतं तेही सांगितलं. लग्नाच्या आधी एकदा शेजारच्या रानातली काकडी चोरली होती ती सांगायला निघाले तेव्हा बाईंनी हात वर केला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. वय वाढलं की पुरुषाची एक गाठ आतून वाढते आणि वाट अरुंद होते. ज्याची वाट अशी अडलेली, त्याने ही गोळी घेतली तर ती नाकासारखीच मूत्राशयालाही गप्प बसवते. दारू घेतली तर गोळीची झोप वाढते, आणि मग माणूस मशीनमध्ये जातो. हे सगळं टाळायलाच ते प्रश्न होते, काही जनगणना चालली नव्हती.

एवढ्यात बाहेर ट्रॅक्टर थांबला. म्हातारी, मुलगा आणि मशीनवाला आत आले. कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं म्हणून निम्मी गंजी तशीच टाकून आले होते. म्हातारीने पदराखालून लाल औषधाची बाटली काढली. खोकला अजून आहे, तेव्हा हेही बरोबर आणलं, असं ती म्हणाली. बाईंनी बाटली उजेडात धरून वाचली आणि कपाळाला हात लावला. पिवळ्या गोळीत जे होतं तेच या लाल पाण्यात होतं.

"हे कधीपासून देताय?"

"चहातून," म्हातारी म्हणाली. म्हणजे तिने कधीपासूनचं उत्तर टाळलं.

"तरीच गोड लागायचा," आबा खाटेवरून म्हणाले. त्यांचा आवाज जरासा दुखावल्यासारखा होता.

मशीनवाला दारातूनच मागे सरकत होता. मी फक्त माझी मोटरसायकल न्यायला आलोय, असं त्याने सांगून बघितलं. पण बाईंनी नुसतं बघितलं आणि तो मान खाली घालून म्हणाला की घोट माझे होते, आणि उद्या मशीन नदीपलीकडे जाणार नाही, आधी आबांचा गहू निघेल, मग तिकडचे लोक मला काय बोलायचं ते बोलोत. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मी पोत्यांवरून बोललो नसतो तर यातलं काही झालं नसतं." त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

नळी काही दिवस राहणार होती. नंतर मोठ्या दवाखान्यात गाठ दाखवायची. पिवळी गोळी बंद, लाल बाटली बंद, घोट बंद. शिंकांसाठी झोप न आणणारी दुसरी गोळी, शिंका थोड्याफार येतीलच. आबांनी सगळं ऐकलं. मग जे विचारायला त्यांना भीती वाटत होती ते विचारलं. मशीनच्या तोंडावर कधी उभं राहू?

बाई म्हणाल्या, नळी आहे तोवर तर प्रश्नच नाही. त्यानंतरचं मला विचारू नका, ज्यांनी ओढून काढलं त्यांना विचारा.

सगळ्यांनी सूनबाईकडे बघितलं. ती आबांच्या सदऱ्याची फाटकी कॉलर हातात धरून बसली होती, आबांना गाडीवरून उतरवताना ती पुरती सुटून तिच्या हातात आली होती. तिने आबांकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. तिला नाही म्हणवत नव्हतं आणि हो म्हणण्यासारखं नव्हतं. आबांनीच तिची सुटका केली.

"उद्या तोंडावर तू उभी राहा," ते म्हणाले. मुलगा पुढे झाला तसं त्याला हाताने थांबवलं. "तू कोंबतोस. झोपेत ऐकलंय मी. ही एवढी वर्षं माझ्या हाताशी पेंढी आणून देतेय, कधी लवकर नाही, कधी उशीर नाही. हिला बेत कळतो."

 आयुष्यभर जपलेली जागा देऊन टाकताना माणसाला वाईट वाटतं, आणि आबांना ते फार वाटलं. पण ज्या माणसापुढे आपल्याला खरं बोलता आलं त्यालाच ती द्यावी, हेही त्यांना त्या खाटेवर पडल्या पडल्या अगदी स्वच्छ कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी खळ्याच्या कडेला खाट टाकली, खाटेवर आबा आणि खाटेच्या दांडीला पिशवी. सूनबाईने केस घट्ट बांधले, पदर खोचला आणि ती तोंडावर उभी राहिली. पहिल्या दोन पेंढ्यांना आबांचे हात खाटेवरच हलले. तिसरीला थांबले. घरघर एका सुरात चालली होती, ठसका नाही, उपास नाही. थोड्या वेळाने मशीनवाला ट्रॅक्टरखाली जाऊन आडवा झाला, आणि आबांनी बराच वेळ दुसरीकडे बघितलं.

बातमी पसरली होती, लोक बघायला येत होते. येणारा जरा चाचरत विचारायचा की आता कसं काय. आबा दांडीवरची पिशवी उचलून उजेडात धरायचे.

"ही बघ. सकाळपासूनची आहे," ते म्हणायचे. शेजाऱ्याला तर त्यांनी दोनदा दाखवली.

दुपार कलायला लागली. गंजी गुडघ्याएवढी उरली होती. सूनबाईने घाम पुसता पुसता सहज खाटेकडे बघितलं आणि हात वर केला. मशीनवाला धडपडत उठला, त्याने मशीन बंद केलं. धूळ खाली बसली. मुलगा, म्हातारी, गडी, बघायला आलेले लोक, सगळे काय झालं म्हणून वळले. त्या शांततेत सूनबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा रोजच्या आवाजात म्हणाली, "आबा, पिशवी भरली. रिकामी करू का?"

"कर," आबा म्हणाले, आणि त्यांनी पाय आखडून घेतले नाहीत. "सावकाश कर. खळं थांबेल."